दुसऱ्या छताखालची प्रत

१

रजिस्टरचं एक पान फाडलं होतं, आणि तेही पट्टी लावून, शिवणीजवळून अगदी सरळ. घाबरलेल्या माणसाच्या हातून पान असं निघत नाही. ज्याने कुणी फाडलं त्याला बाकीच्या पानांची काळजी होती. हे मला पहिल्याच नजरेत दिसलं. त्याचा अर्थ कळायला मात्र दीड महिना लागला.

मी उमा सेलूकर. चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत कृत्रिम पाय बनवणारं एक केंद्र आहे, तिथला डेटाबेस एकवीस वर्षं मी सांभाळते. आमचा डेटाबेस म्हणजे माणसांची मापं. पूर्वी प्लास्टरचा साचा काढायचो. आता स्कॅनर फिरवला की उरलेल्या पायाचं माप थेट सर्व्हरमध्ये जातं आणि त्यावरून नवा पाय तयार होतो. माप हरवलं तर त्या माणसाला पुन्हा इथवर यावं लागतं, आणि ज्याला पाय नाही त्याला 'पुन्हा या' म्हणणं काय असतं ते मी सांगायला नको.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि शेवटी आली ती अशी झटका देत की सर्व्हरमधल्या दोन्ही डिस्क जळाल्या. असं होतं. बॅकअप त्यासाठीच असतो. दर शनिवारी सगळ्या डेटाबेसची एक प्रत आम्ही बाहेरच्या ड्राइव्हवर घेतो. छोट्या वहीएवढ्या चार ड्राइव्ह, त्यांची पाळी ठरलेली. जिच्यावर सगळ्यात जुनी प्रत ती ड्राइव्ह पुसायची आणि तिच्यावर नवी प्रत घ्यायची. मध्येच काही विपरीत झालं तरी गेल्या शनिवारची प्रत शाबूत राहते.

विपरीत नेमकं मध्येच झालं होतं. नवी प्रत घेणं चालू असतानाच सर्व्हर जळाला. तरी मी निवांत होते. रविवारी नव्या डिस्क बसवल्या आणि ड्राइव्ह एकेक करून लावून पाहिल्या. एकीवर चार आठवड्यांपूर्वीची प्रत, दुसरीवर तीन, तिसरीवर दोन. राहिलेल्या तीन नंबरच्या ड्राइव्हवर शनिवारची अर्धवट प्रत होती, जिचा उपयोग शून्य. गेल्या शनिवारची प्रत कुठंच नव्हती.

मग मात्र मी चारही पुन्हा लावून पाहिल्या. कारण त्या शनिवारच्या आधीच्याच आठवड्यात आमचं शिबिर झालं होतं. एक्केचाळीस माणसं आली होती. अंबडहून, परतूरहून, पार पाथरीहून. कुणी कुबड्यांवर, कुणी लेकाच्या पाठीवर बसून. त्या सगळ्यांची मापं गेली होती.

बॅकअप घ्यायचे पुंजाराम. रजिस्टर लिहायचे तेच. आणि फाडलेलं पान बरोबर त्याच शनिवारपासूनचं होतं.

आमचे विश्वस्त व्यंकटराव जुने वकील. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "त्या शनिवारी प्रत घेतलीच नाही. पुढच्या शनिवारी गोंधळ झाला तेव्हा पान फाडलं. उमाताई, यात अजून काय तपासायचंय?"

"पुंजाराम," मी म्हटलं.

२

पुंजाराम आमच्याकडे आले ते पाय बसवून घ्यायला. वाळूजला दुसरी पाळी करून मोटरसायकलवर बजाजनगरला घरी येताना ट्रकने उडवलं, डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि नोकरीही. पाय आम्ही दिला. नोकरी म्हणून गेटवर स्टूल दिलं. तिथं बसून हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर कुणी सांगितलं नसताना वहीत लिहायचा. ती वही पाहिली आणि मी व्यंकटरावांशी भांडून त्यांना सर्व्हरच्या खोलीत घेतलं.

मी त्यांना तीन गोष्टी शिकवल्या. ताज्या प्रतीला हात लावायचा नाही. लिहिलं नाही ते घडलं नाही. आणि एक प्रत नेहमी दुसऱ्या छताखाली हवी, कारण छतच कोसळलं तर? तिसरा नियम ड्राइव्हच्या बाबतीत कधी पाळला गेला नाही, कारण रुग्णांची माहिती केंद्राबाहेर न्यायला विश्वस्तांची मनाई होती. पण पुंजारामांनी तिन्ही नियम देवाच्या आरतीसारखे पाठ केले. रजिस्टर लिहिताना पानाखाली कार्बन घालायचे. बोटं कायम निळी. पोरं हसायची.

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपात यंत्रांची पूजा असते. त्या वेळी सर्व्हरच्या खोलीतही पाट मांडून सर्व्हरच्या जोडीला ड्राइव्ह पुजायची पद्धत पुंजारामांचीच. "लेथ मशीनला कुंकू लागतं, मग यांनी काय घोडं मारलंय?" एका हातात काठी, दुसऱ्या हातात एक ड्राइव्ह, अशा चार खेपा करून ते त्या पाटावर मांडायचे आणि तशाच चार खेपांनी कपाटात परत ठेवायचे. यंदाही झालं सगळं. माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण लेक, मनस्विनी, बेंगळुरूहून येत होती आणि मला विमानतळावर पोचायचं होतं.

तर हा असा माणूस माझ्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसला होता. निवृत्तीला तीन महिनेसुद्धा उरले नव्हते.

"भाऊ, शिबिरानंतरच्या शनिवारी प्रत घेतली होती का?"

"राहिली असंल ताई."

"असंल म्हणजे?"

"विसरलो. वय झालं. साखरंनं डोकं बी चालंना."

"आणि पान?"

"म्याच फाडलं." त्यांनी निळी बोटं मुठीत झाकली. "भ्यालो."

पुंजाराम खोटं बोलत होते. इतक्या वर्षांत त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहत होते, आणि सवय नसलेल्या माणसाचं खोटं लपत नाही. पण कुठलं वाक्य खोटं? तेवढं मला सांगता येईना.

व्यंकटरावांना त्याची गरजही नव्हती. त्यांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. पुंजारामांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, मग उचलून पुन्हा नीट सरळ ठेवली, आणि काठी टेकत निघाले. गेटपर्यंत ते तीनदा थांबले. जुना पाय त्यांना सैल होऊन घासत होता. म्हणून शिबिरात त्यांनीही माप दिलं होतं. एक्केचाळिसावं माप पुंजारामांचं होतं.

३

मी चिडले की कामाला लागते. आधी वरदला बोलावलं.

वरद सव्वीस वर्षांचा, हुशार आणि ते स्वतःला ठाऊक असलेला. नेटवर्क बघतो. ड्राइव्ह, कपाट, रजिस्टर हा सगळा प्रकार त्याला जुनाट वाटतो. वर्षभर तो माझ्यामागे लागला होता की बॅकअप बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर पाठवू. आता त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं.

"तुझ्या पथ्यावरच पडलं की हे," मी म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. "मॅडम, मी पुंजाराममामांवर हसायचो, कबूल. पण शिबिरात आलेल्या एका आजोबांना मी स्वतः उचलून आत आणलंय. त्यांचं माप मी घालवीन?"

"पान?"

"ते रजिस्टर मी आयुष्यात उघडलं नाही. त्याचीच तर मला ॲलर्जी होती."

हे मात्र खरं होतं.

मग रुक्सार. मापं घेणारी आमची तंत्रज्ञ. शिबिराचे चार दिवस जमिनीवर बसून तिने स्कॅनर फिरवला होता. पुंजारामांना काढल्याचं कळल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. समोर बसली तीच भांडायच्या तयारीने.

"एकेकाला फोन करून मी सांगून राहिले, ताई. फिरसे आना पडेगा. परतूरची एक बाई म्हणाली, पोरी, माझं काय चुकलं? काय सांगू तिला?"

"तुझा राग पुंजारामांवर आहे?"

"मामांवर?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. "माझा राग मामांना काढलं त्या तुमच्या मीटिंगवर हाय. मामांनी प्रत घेतली नाय म्हणे! मी स्वतः बघितलं ना. शिबिर झालं त्या शनिवारी, संध्याकाळी, मी बुरखा घालून निघाले हुते. मामांनी आवाज दिला. 'बेटी, ये बघ, तुझे एक्केचाळीस बी आले. मोजून घेतले म्या.' ड्राइव्हचा हिरवा दिवा लुकलुकत हुता."

"हे तू व्यंकटरावांना सांगितलंस?"

"विचारलं कुणी?"

मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन तीन नंबरची ड्राइव्ह लावली. पुसलेली ड्राइव्ह खरं तर लगेच कोरी होत नाही. नवी प्रत जिथवर पोचलेली नसते, तिथं जुन्याचे तुकडे पडून असतात. त्यातून डेटाबेस उभा राहत नाही, पण नावं, तारखा वाचता येतात. दोन दिवस मी ते तुकडे चाळत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर एक तारीख आली. शिबिरानंतरच्या शनिवारची. त्याच्यापुढे नोंदींचा आकडा, आणि शिबिराच्या रकान्यात एक्केचाळीस.

प्रत घेतली होती. पूर्ण, मोजून. आणि पुढच्या शनिवारी चार नंबरची जुनी ड्राइव्ह पुसायची सोडून पुंजारामांनी ही, सगळ्यात ताजी, पुसली होती.

पहिलाच नियम त्यांनी मोडला होता. आणि त्याहून विचित्र म्हणजे, केलेलं चांगलं काम ते नाकारत होते.

४

चार ड्राइव्ह टेबलावर मांडून मी त्यांच्याकडे बघत बसले. चौघींच्या पाठीवर खंडेनवमीचं कुंकू अजून होतं. पुंजाराम कुंकू पाण्यात कालवून बोटाने लावतात, त्यामुळे ते लवकर सुकत नाही.

सहज एक ड्राइव्ह उलटी केली. पोटालाही कुंकू होतं.

पोटाला कुंकू कोण लावतं? मी बाकीच्या तिन्ही उलट्या केल्या. तीन नंबरच्या पोटाला डाग, दोनच्या पोटाला डाग, एकच्या पोटाला डाग. चार नंबरचं पोट मात्र स्वच्छ. वरचे टिळे पाहिले. डागांशी आकार जुळत होते. फक्त तीन नंबरचा टिळा जसाच्या तसा राहिला होता, बाकीच्यांचे दाबले जाऊन पसरले होते.

टिळे ओले असतानाच कुणीतरी या ड्राइव्ह एकावर एक रचल्या होत्या. चार नंबरची सगळ्यात खाली, तीन नंबरची सगळ्यात वर.

केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पूजेचा फोटो होता. तो मोठा करून पाहिला. पाटावर डावीकडून चार, एक, दोन, तीन. म्हणजे जुनीपासून ताजीपर्यंत, पुंजारामांच्या शिस्तीने. कपाटातही त्या अशाच क्रमाने असतात. शनिवारी डावीकडची पहिली काढायची, प्रत झाली की उजवीकडे शेवटी ठेवायची. त्यामुळे नंबर बघायची वेळच येत नाही.

आता पूजेनंतर कुणी डावीकडून एकेक उचलून थप्पी केली, तर जुनी तळाला जाते आणि ताजी वर येते. तीच थप्पी कपाटापाशी नेऊन वरची आधी, डावीकडून ठेवत गेलं, की रांग उलटी. ताजी पहिली. शनिवारी पुंजारामांनी नेहमीप्रमाणे डावीकडची पहिली काढली आणि पुसली.

मला इतका आनंद झाला की मी टेबलावर थाप मारली. कारण काठीवाला माणूस थप्पी उचलू शकत नाही! त्याला दोन हात मोकळे लागतात. ड्राइव्ह कपाटात ठेवणारे पुंजाराम नव्हतेच.

मग कोण? वरदने बसचं तिकीट दाखवलं. आरती होताच तो दोनच्या गाडीने नांदेडला गेला होता. रुक्सार प्रसादाची ताटं घेऊन वर्कशॉपात होती, तिथल्या दहा माणसांनी सांगितलं. व्यंकटरावांना मणक्याच्या दुखण्याने पाण्याचा तांब्या उचलायचीसुद्धा बंदी आहे, आणि ते आरतीलाच थांबले नव्हते. तरी मी त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "उमाताई, तुम्ही फार खोलात जाताय."

खोलात जायलाच मी बसले होते. पुंजाराम सर्व्हरच्या खोलीत शेवटपर्यंत होते. त्यांनी पाहिलं असणारच. मी रिक्षा केली आणि बजाजनगर गाठलं.

५

दोन खोल्यांचं घर. दाराशी सत्यभामावहिनींनी तुळशीला पाणी घालून तांब्या पालथा ठेवला होता. पुंजाराम पलंगावर बसले होते. कृत्रिम पाय भिंतीला टेकवलेला, त्याच्या पावलात चप्पल तशीच. उरलेल्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं आणि फडक्याला पिवळी ओल.

"भाऊ, तुम्ही प्रत घेतली होती!" मी उंबऱ्यातूनच म्हटलं. "माझ्याकडे पुरावा आहे. आणि ड्राइव्ह उलट्या कुणी दुसऱ्यानेच ठेवल्या, त्याचाही पुरावा आहे. मी व्यंकटरावांना तुमची माफी मागायला लावते."

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा उजळेल. तो पांढरा पडला.

"दुसरं कोन? म्याच ठेवल्या."

"एका हाताने चार?"

ते मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, ताईला चहा टाक की. आलं घाल."

"भाऊ, कोण होतं ते सांगा. वरद? कुणाला घाबरताय?"

"ताई," त्यांनी हात जोडले. मोठ्या माणसाने माझ्यापुढे हात जोडलेले मला सहन होत नाहीत. "मिटलंय ते. राहू द्या. कुनाच्या बी नोकरीवर कशाला? मुद्दाम कुनी केलं नाय. तुम्ही नका उकरू, माझी आन हाय तुमाला."

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी कप माझ्या हातात दिला, आणि माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा मला ते विशेष वाटलं नाही. नवऱ्यावर आळ आलेली बाई केंद्राच्या माणसाकडे हसून थोडीच बघणार.

"पाय दाखवा," मी म्हटलं. "हे चांगलं दिसत नाही. उद्या गाडी पाठवते, पुन्हा माप देऊ, दवाखान्यातही जाऊ."

"येतो की. आधी लोकांची व्हऊ द्या. लांबून यायचीत ती. म्या हितंच हाय, म्या शेवटचा."

मी आग्रह केला. तीनदा केला. चौथ्यांदा केला नाही, कारण मला परत जाऊन वरदला धारेवर धरायची घाई होती. बसचं तिकीट कुणाचंही असू शकतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं.

नवव्या दिवशी सकाळी रुक्सारचा फोन आला. जखम चिघळून विष अंगात भिनलं होतं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. पुंजाराम पहाटेच गेले होते.

त्या दिवसापर्यंत परतूरच्या बाईसकट चाळीस मापं पुन्हा घेऊन झाली होती.

६

तेरावं झाल्यावर मी पुन्हा बजाजनगरला गेले. माझ्या हातात तपासाची फाइल होती. कुंकवाचे फोटो, पूजेचा फोटो, पडद्यावरच्या आकड्याचा छापील कागद. पुंजारामांनी शपथ घातली होती, पण मेलेल्या माणसाचं नाव चोरासारखं मागे राहावं हे मला पटत नव्हतं.

सत्यभामावहिनी जमिनीवर गहू निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. थप्पी, ओले टिळे, उलटी रांग. शेवटी म्हटलं, "वहिनी, ज्याने हे केलं त्याने एका शब्दाने कबुली दिली असती तर भाऊ आज असते. मी त्याला सोडणार नाही. तुमच्याशी ते काही बोलले होते का? नाव?"

त्या निवडत राहिल्या. सुपातले चार-पाच खडे काढून त्यांनी बाजूला ठेवले. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, देवघराखालचा फडताळाचा कप्पा उघडला आणि दोऱ्याने बांधलेला कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

निळी अक्षरं. कार्बनच्या प्रती. वर्षानुवर्षांच्या, रजिस्टरच्या प्रत्येक पानाची एक.

कार्बनची निळी बोटं मी रोज बघत होते. त्या प्रती जातात कुठं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. दुसऱ्या छताखाली. नियम मीच शिकवला होता.

"तुमाला दिऊ नको म्हनले हुते," वहिनी म्हणाल्या. "जाळू बी नको म्हनले. लिहिलेलं जाळायचं नस्तं म्हनं. माझं मन नव्हतं दाखवायचं. पन तुम्ही आता कुना दुसऱ्याच्या मागं लागलाव."

फाडलेल्या पानाची प्रत वरच होती.

शनिवार. ड्राइव्ह ३. प्रत पूर्ण. शिबिराची ४१ मापे आहेत, मोजली. – पुंजाराम.

बुधवार, खंडेनवमी. पूजा झाली. ड्राइव्ह ४, १, २, ३ पाटावर. दुपारी २ वाजून १० मिनिटांनी उमाताईंनी उचलून कपाटात ठेवल्या. – पुंजाराम.

मी ते दोनदा वाचलं. मग मला सगळं आठवलं, आणि ते इतकं साधं होतं की आठवण्यासारखं काही त्यात नव्हतंच. अडीचचं विमान. पुंजाराम काठी टेकत पहिली ड्राइव्ह उचलायला वाकले होते. मी म्हटलं होतं, "सरका हो भाऊ, चार खेपा कशाला घालताय, पाय दुखतो ना तुमचा?" आणि एकावर एक अशा चारही उचलून, खांद्यात मोबाइल धरून, मनस्विनीशी बोलत, कपाटात ठेवल्या होत्या. कुंकू माझ्या ओढणीला लागलं म्हणून मी गाडीत चिडलेसुद्धा होते.

वरद नव्हता, रुक्सार नव्हती, व्यंकटराव नव्हते. कपाटापर्यंत पोचू शकणारी माणसं पाच होती आणि मी चारच मोजली होती. व्यंकटरावांनी पाचवं तेव्हाच मोजलं असणार; ते माझ्याकडे तसे का पाहत होते तेही आता कळलं.

पानाच्या तळाला एक ओळ होती. कार्बनची नव्हे, बॉलपेनची.

मूळ पान मी फाडले. कारण नोंदवत नाही. – पुंजाराम.

"त्यांना कधी कळलं?" मी विचारलं.

"त्याच शनिवारी. मशीन चालू करून वहीत लिहाया बसले, तर आकडा परत तीनच आला. मागचं पान बघितलं अन् समजलं म्हनं. तवर पुसून झालं हुतं. तेवढ्यात लाइट गेली." वहिनी परत सुपाशी बसल्या. "मला म्हनले, चूक माझी बी हाय, नंबर बघाया पायजे हुता. पन ताईच्या हातचं हुतं म्हनून नाय बघितला."

मी तळाची ओळ पुन्हा वाचली.

"म्या भांडले त्यांच्याशी. म्हनलं, खरं सांगा की. तर म्हनले, ताईनं मला स्टुलावरून उठवून खुर्चीवर बसवलं. माझी नोकरी दोन-तीन महिन्यांची राह्यली, त्यांची आठ वर्षं हायेत. माझं काय जातंय?"

७

व्यंकटराव म्हणाले, "हे लिहायलाच हवं का? माणूस गेला. लोकांची मापं झाली. केंद्राला तुमची गरज आहे."

"लिहिलं नाही ते घडलं नाही," मी म्हटलं, आणि राजीनाम्याचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो अजून मंजूर केलेला नाही. त्याचं मला काही वाटत नाही.

रजिस्टर उघडलं. फाटलेल्या जागी कोरा कागद जोडला. खाली कार्बन घातला आणि पुंजारामांच्या दोन्ही नोंदी जशाच्या तशा उतरवल्या. त्यांच्याखाली लिहिलं: ड्राइव्ह उलट्या क्रमाने मी ठेवल्या. त्यामुळे ताजी प्रत पुसली गेली. पुंजाराम यांनी प्रत वेळेवर आणि पूर्ण घेतली होती. त्यांच्यावरील आरोप खोटा आहे. त्यांचे ४१ वे माप पुन्हा घेता आले नाही. – उमा सेलूकर.

वरद दारात उभा राहून बघत होता. माझी बोटं निळी झाली होती. तो हसला नाही.

हे नवं पान व्यंकटरावांसकट सगळ्यांना वाचून दाखवलं आणि रजिस्टर कपाटात ठेवलं. कार्बनची प्रत घेऊन त्याच दिवशी बजाजनगरला गेले. पुंजारामांचा पाय अजून तिथंच भिंतीला टेकून होता, पावलात चप्पल घातलेला. तो केंद्रात जमा करायचा असतो. मी त्याचं नाव काढलं नाही.

वहिनींनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला. मी वाचून दाखवू का म्हटलं, तर म्हणाल्या, "येतं मला वाचता. चौथीपत्तूर शिकले म्या."

ओठ हलवत, एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी सगळं वाचलं. माझ्या नावापाशी बोट थांबलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली, गठ्ठ्याचा दोरा सोडून ती सगळ्यात वर ठेवली आणि पुन्हा गाठ मारली.

"चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "त्यांनी कितीदा तरी दाराकडं बघितलं, ताई. शेवटच्या दिसापत्तूर. तुमाला कळू नये असं बी म्हनायचे, अन् तुमी येताव का म्हनून बघायचे बी."